यंत्रे खेळतात, मुले बसतात

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेत एका खोलीचे उद्घाटन झाले. खोली जुनीच. पूर्वी तीत खेळाचे सामान असे : लेझमी, डंबेल्स, उड्यांच्या दोऱ्या, व्हॉलीबॉलचे एक फाटके जाळे नि हवा गेलेले चार चेंडू. ते सामान जिन्याखाली गेले, भिंतींना निळा रंग लागला आणि दारावर पाटी आली – 'रोबोटिक्स कक्ष'. पाहुण्यांनी फीत कापली, नारळ फोडला आणि सांगितले की, उद्याचे जग यंत्रमानवांचे आहे; तेव्हा मुलांनी आजच त्याची तयारी करावी. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी नवे वेळापत्रक लागले तेव्हा या विषयाचे तास कोठून आले ते कळले. गणिताने एकही तास सोडला नव्हता, इंग्रजीने सोडला नव्हता. पाचवी ते आठवीच्या खेळाचे दोन्ही तास गेले होते. कागदावर ते अजून आहेत, कारण तपासणीला कोणी आले तर दाखवावे लागतात. पण कागदावर धावता येत नाही.

मी मुख्याध्यापकांकडे गेलो. "सर, मुलांनी खेळायचे केव्हा?"

ते वाईट गृहस्थ नव्हेत. थकल्या आवाजात म्हणाले, "सर, खेळून होते काय? पोरे पडतात, गुडघे फुटतात, पालक चिठ्ठ्या लिहितात. मागच्या वर्षीचे विसरलात?" मी विसरलो नव्हतो. सहावीतली एक मुलगी धावताना पडली, तिच्या हनुवटीला दोन टाके पडले आणि त्यानंतर आठवड्याभरात व्हरांड्यातच नव्हे, तर अंगणातही 'धावू नये' अशा पाट्या लागल्या. त्या पाट्या मीच रंगवल्या. चित्रकलेचा मास्तर, पाट्या दुसरे कोण रंगवणार?

वाचकहो, माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून मला यंत्रातले कळते असे कोणी समजू नये. पण ज्या पाहुण्यासाठी घरच्या मुलांना पाटावरून उठवले, तो पाहुणा आहे तरी कोण, हे पाहावे असे मनात आले. पुण्यास अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा सुट्टीत आला होता. त्याला विचारले, "अरे, या यंत्रमानवांना चालायला, धरायला, झेलायला शिकवतात कसे?"

तो म्हणाला, "खेळायला लावून, मामा."

मला वाटले, पोर थट्टा करते आहे. मग त्याने दोन रात्री बसून एकेक गोष्ट समजावून सांगितली, चित्रफिती दाखवल्या, निबंध वाचून त्यांचे मराठी करून दिले. आणि मला हसावे की रडावे ते कळेना.

यंत्राची बुद्धी पुष्कळ आधी तयार झाली, हे आपण जाणतोच. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये 'डीप ब्लू' या संगणकाने बुद्धिबळाच्या जगज्जेत्या गॅरी कास्पारॉव्हला हरवले. जगभर डंका वाजला. पण त्या पटाशी कास्पारॉव्हसमोर बसले होते कोण? एक माणूस! चाल यंत्र सांगे आणि घोडा उचलून ठेवी माणूस. २०१६ साली सोलमध्ये 'अल्फागो'ने ली सेडोलला 'गो' या प्राचीन खेळात हरवले, तेव्हाही सोंगट्या मांडायला माणूसच बसला होता. हॅन्स मोराव्हेक नावाच्या शास्त्रज्ञाने १९८८ सालीच हे दुखणे ओळखले होते. प्रौढ माणसाच्या तोडीचे सोंगट्यांचे डाव यंत्राकडून खेळवून घेणे सोपे; वर्षाच्या बाळाला जेवढे पाहता येते नि हलता येते, तेवढे त्याला शिकवणे महाकठीण. आपल्या घरातले रांगते मूल दाराचा उंबरठा ओलांडते, त्याचे कौतुक आपण एक दिवस करतो. हे लोक त्यासाठी आयुष्य वेचतात.

त्याच १९९७ साली जपानमधल्या नागोया शहरी 'रोबोकप' नावाची यंत्रमानवांची फुटबॉल-स्पर्धा प्रथम भरली. तिच्या कर्त्यांनी पण केला आहे की, २०५० पर्यंत यंत्रमानवांचा संघ माणसांच्या विश्वविजेत्या संघाला हरवील. हरवतील की नाही हा प्रश्न वेगळा. मला नवल वाटले ते याचे की, चालण्याधावण्याची विद्या मिळवायची तर मैदानात उतरले पाहिजे, हे त्या पंडितांना तेव्हाच उमगले होते.

आता पुढची गोष्ट नीट ऐका. माझ्या सगळ्या भांडणाचे मूळ तीत आहे. गुगलच्या 'डीपमाइंड' या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ५१ सेंटिमीटर उंचीचे यंत्रमानव घेतले. माणसाच्या गुडघ्याएवढे बाहुले म्हणा ना. पण अंगात फिरते सांधे २०. या बाहुल्यांना चालवण्याची जुनी रीत अशी की, इंजिनिअरने एकेक हालचाल लिहून द्यायची : आता डावा पाय इतका उचल, आता घोटा इतका वळव. थोडक्यात, आपल्या शाळेतली रीत. सूत्र पाठ करा नि उतरवून काढा. या मंडळींनी ती बाजूला ठेवली. संगणकाच्या पोटात एक लटके मैदान उभे केले, त्यात तसेच लटके बाहुले सोडले आणि कसे चालावे ते त्याला सांगितलेच नाही. पडलास तर ऊठ. चेंडू जाळ्यात घाल. जमले तर गुण, फसले तर नाही. ते पडले. पुन्हा पडले. आधी उठायला शिकले, मग कच्च्या प्रतिस्पर्ध्यावर गोल करायला शिकले, आणि मग त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी म्हणून त्याचेच कालचे रूप उभे केले. आज स्वतःला हरवायचे, उद्या त्या जिंकलेल्याला हरवायचे! मध्येच त्याला धक्के देत, जमिनीचा घसरडेपणा बदलत. आणि एवढे खेळून झाल्यावर ती विद्या खऱ्या बाहुल्यात घातली, तेव्हा ते खऱ्या जमिनीवर खेळू लागले.

२०२४ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे पाहा. लिहून दिलेल्या चालीने चालणाऱ्या यंत्रमानवापेक्षा हा खेळून शिकलेला १८१ टक्के अधिक वेगाने चालला, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. ३०२ टक्के अधिक वेगाने वळला. पडल्यावर उठायला त्याला ६३ टक्के कमी वेळ लागला. चेंडूला लाथ ३४ टक्के अधिक जोराची. शिवाय प्रतिस्पर्धी नि आपला गोल यांच्या मध्ये जाऊन उभे राहावे, हे त्याला कोणी वेगळे शिकवले नव्हते. तेही तो शिकला. घोकून शिकलेला नि खेळून शिकलेला यांची शर्यत इतक्या चोख रीतीने दुसऱ्या कोणी लावली असेल असे मला वाटत नाही. आणि आपण मात्र घोकणारा तेवढा ठेवला, खेळणाऱ्याला जिन्याखाली घातले!

हाताची कथा तर पुराणात शोभावी अशी आहे. 'ओपनएआय' या अमेरिकन संस्थेने २०१९ साली एका यांत्रिक हाताकडून रूबिकचा रंगीत ठोकळा सोडवून घेतला, तोही एकाच हाताने. कोणती बाजू कोणत्या क्रमाने फिरवायची, हे सांगणारे गणित तयारच होते. तो सोपा भाग. अवघड होते ते ठोकळा न पाडता बोटांनी फिरवणे. त्यासाठी त्या हाताने संगणकाच्या लटक्या जगात जो सराव केला, त्याची बेरीज सुमारे १३ हजार वर्षे भरते! विश्वामित्रानेसुद्धा मान खाली घालावी. सरावात ठोकळ्याचे आकारमान बदलत, बोटांची पकड निसरडी करत. मग खऱ्या हातावर रबरी मोजा चढवून पाहिला, दोन बोटे बांधून पाहिली, कापडी जिराफाने ढोसून पाहिले. इतके करून मध्यम अवघड ठोकळा तो दहांपैकी सहा वेळा सोडवी, आणि सर्वांत अवघड असेल तर दहांत दोनदा.

मी हे हसण्यासाठी सांगत नाही. त्या शास्त्रज्ञांच्या चिकाटीपुढे माझे हात आपोआप जोडले जातात. मी सांगतो ते माझ्या वर्गातल्या हातांसाठी. यंदा आठवीच्या मुलांना आकाशकंदील करायला दिला. अठ्ठेचाळीस मुलांत सुमारे वीस जणांना कात्रीने वर्तुळ कापता आले नाही. कात्री फिरवायची नसते, कागद फिरवायचा असतो, हे त्यांच्या हातांना ठाऊक नव्हते. आणि हे फळ्यावर लिहून देऊन कळत नाही. एक मुलगा कागदाकडे नुसता पाहत बसला. गणितात त्याला पैकीच्या पैकी मिळतात. दोऱ्याला गाठ मारायची वेळ आली तेव्हा त्याचे डोळे भरले. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा अंगणात किंवा इमारतीच्या कोपऱ्यात दिवाळीचा किल्ला असेल. तो मुलांनी चिखल कालवून रचला आहे, की बाजारातून प्लास्टरचा तयार आणला आहे, ते एकदा उठून पाहून या. लेख कोठे पळून जात नाही.

ज्या हाताला मन नाही, भूक नाही, आई नाही, त्याला आम्ही चुकायला १३ हजार वर्षे देतो. आमच्या पोरीला आम्ही एकदा पडू देत नाही. त्या छोट्या फुटबॉलवाल्या बाहुल्यांचीदेखील एक गंमत आहे. अति जोराने चालून त्यांच्या गुडघ्यांतली दंतचक्रे मोडू लागली. शास्त्रज्ञांनी काय केले? 'धावू नये' अशी पाटी लावली? छे! गुडघ्यावर फार ताण आला की गुण कापायचे, असा नियम घातला आणि पुन्हा सोडले खेळायला. दोन टाक्यांसाठी अंगण बंद करणाऱ्या आम्हा शहाण्यांपेक्षा त्या बाहुल्याचे नशीब मोठे.

आता आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. एक पालक म्हणाले, "सर, यंत्रे संगणकातच खेळून शिकली ना? मग आमचा मुलगाही मोबाइलवर चार तास खेळतोच की!" वा! यंत्राला लटके मैदान दिले, कारण खऱ्या मैदानावर ते मोडते नि खर्च येतो, आणि खऱ्या मैदानावर १३ हजार वर्षे मिळत नाहीत. त्या लटक्या जगात वजन, घर्षण, धक्का, डोळ्यांची चूक हे सारे मुद्दाम कालवावे लागते, ते खऱ्यासारखे व्हावे म्हणून. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी चार पायांच्या एका यंत्राला २०२५ साली बॅडमिंटन खेळायला शिकवले. पळता पळता त्याच्या कॅमेऱ्याला शटल कसे अंधुक, चुकीचे दिसते, ती चूकसुद्धा त्यांनी सरावात घातली. तेव्हा कोठे ते माणसाशी सलग दहा फटक्यांपर्यंत खेळू लागले. (या खेळाचा नि आपला ऋणानुबंध जुना. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत, म्हणून त्याला 'पूना' असेच नाव पडले होते. त्या पुण्यात आज पोरांनी शटल उडवायचे कोठे, तर वाहनतळावर, मोटारींच्या काचा सांभाळत.) तर अहो, जी अस्सल जमीन, जो अस्सल वारा यंत्राला मिळत नाही म्हणून ही मंडळी त्याची नक्कल करत बसतात, तो तुमच्या मुलाला फुकट मिळाला आहे; आणि तुम्ही त्याला नकलेकडे पाठवता? तेही सगळे अंग बाजूला ठेवून, नुसता अंगठा हलवायला?

दुसरा आक्षेप अधिक पोक्त. हातांची कामे उद्या यंत्रेच करणार; मग मुलांनी हात कशाला झिजवावेत? यावर काही जण यंत्रांची अपयशे दाखवून समाधान मानतात. २०२४ साली डीपमाइंडच्या टेबल-टेनिस खेळणाऱ्या यंत्राने माणसांशी २९ सामने खेळून १३ जिंकले. नवशिक्यांना सरसकट हरवले, मध्यमांशी निम्म्याहून थोडे अधिक जिंकले, तयारीच्या खेळाडूंपुढे मात्र एकही नाही. सर्व्हिस तर त्याला करताच येत नव्हती. पण मी या आधारावर उभा राहणार नाही. यंत्र तयार होत जाईल, कदाचित सगळ्यांना हरवील. म्हणून काय झाले? मोटार आली म्हणून आपण चालणे सोडले, त्याची फळे दवाखान्यात भोगतोच आहोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली १४६ देशांचा हिशेब मांडला. ११ ते १७ वयाच्या मुलामुलींपैकी ८१ टक्क्यांना पुरेशी हालचालच घडत नाही, असे निघाले. मूल हात वापरते ते कारखान्याला कामगार मिळावा म्हणून नव्हे. ते जग ओळखते हातांनी.

आणि सर्वांत महत्त्वाचे. यंत्र खेळते असे आपण म्हणतो खरे, पण ते खेळते का? झुरिकलाच २०२३ साली एका यंत्राने गोटीचा चक्रव्यूह सोडवायला शिकून घेतले. लाकडी फळी, तिच्यात भोके, दोन मुठी फिरवून फळी कलती करायची नि भोकांत न पाडता गोटी पार न्यायची. सुमारे सहा तासांच्या सरावात त्याने माणसाचा विक्रम ६ टक्क्यांहून अधिक फरकाने मोडला, वेळ १४.४८ सेकंद. पण मधल्या काळात या पठ्ठ्याने शोधून काढले की, वाटेतले काही भाग गाळून गोटी थेट पुढे नेता येते. लबाडी! अखेर 'असे करायचे नाही' म्हणून शास्त्रज्ञांना मध्ये पडावे लागले. २०१७ साली तर संगणकाच्या लटक्या जगातल्या एका यांत्रिक हाताने, वस्तू पकडण्याऐवजी, ती आणि कॅमेरा यांच्या मध्ये आपला पंजा धरला. पाहणाऱ्याला वाटले, पकडली! त्याला गुण मिळाले.

हे ऐकून भाचा हसला. मी हसलो नाही. असे पंजे मी रोज पाहतो. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करणारा, प्रयोग न करता प्रयोगवही भरणारा, प्रकल्प दुकानातून आणणारा. नुसत्या गुणांसाठी शिकवले की, यंत्र असो वा पोर, कॅमेऱ्यापुढे पंजाच धरते. त्याला दोष काय द्यायचा? गुण आपण ठेवलेले.

मुलांच्या खरोखरीच्या खेळात हे चालत नाही, कारण तेथे गुण देणारा कोणी बाहेर बसलेला नसतो. लगोरी फुटली, चेंडू लागला की नाही यावर वाद होतो. खेळ राहतो बाजूला, अर्धा वेळ भांडणातच जातो. 'रडी खाऊ नकोस' हे वाक्य मुख्याध्यापकांच्या साऱ्या नोटिसांपेक्षा अधिक धाकाचे असते. 'टाइमप्लीज' म्हटले की जग थांबते. आणि कोणाचा धाकटा भाऊ रडत आला, तर त्याला लिंबूटिंबू करून घेतात : तो धावेल, पकडेल, पण आऊट झाला तरी आऊट नाही. हा नियम कोणी केला? कोणत्या प्रयोगशाळेत झाला? दुबळ्याला खेळात घेण्यासाठी आपला डाव थोडा सैल करायचा, हे आठ वर्षांची पोरे पंचाशिवाय ठरवतात. यंत्राच्या हिशेबात लिंबूटिंबूला जागा नाही. तेथे तो एक सोपा गुण. आमचे खेळाचे तास काढून घेतले त्यांबरोबर हेही गेले, याची नोंद कोणत्या वेळापत्रकात करणार?

रोबोटिक्सच्या विषयाशी माझे वैर नाही. त्या निळ्या खोलीत मुले काळ्या रेषेवरून चालणारी छोटी गाडी जोडतात. रेष सुटली की गाडी थांबते. दोनचार मुलांचे डोळे तेथे चमकताना मी पाहिले आहेत. खुशाल शिकवा. पण तास गणिताचा घ्या, माझा चित्रकलेचा घ्या, खेळाचाच का? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान हवे असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळांची सांगड शिक्षणाशी घालावी असे लिहिले आहे. दोन्ही पुस्तिका आमच्या कार्यालयात आहेत, कपाटात, कुलपात. आणि माझे हात तरी कोठे स्वच्छ आहेत? एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की, खेळाचा तास मागून घेणारा मास्तर मीच होतो. खिडकीशी उभी राहून मैदानाकडे पाहणारी पोरे मी नावे घेऊन जागेवर बसवली आहेत. हे सांगितल्यावाचून मुख्याध्यापकांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही.

सहामाही परीक्षेच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत माझी देखरेखीची पाळी होती. जिन्याखाली, त्या टाकून दिलेल्या लेझमींच्या आडोशाला, सातवीच्या तीन मुली बसल्या होत्या; त्यांत एकीची धाकटी बहीण, तिसरीतली. कोणाच्या तरी आजीच्या डब्यातले सागरगोटे होते. एक वर उडाला, तो खाली येईस्तोवर जमिनीवरचे चार तळहातात आले आणि उडालेलाही त्यांवर अलगद येऊन बसला. पाहता पाहता झाले. दोन हालचाली नव्हेत, एकच. मला पाहताच मुठी मिटल्या, चेहरे उतरले. डोक्यावर माझ्याच हातची पाटी होती.

"किती झाले?" मी विचारले.

उत्तर आले नाही. मी खाली बसलो नि हात पुढे केला. जरा वेळाने पाच सागरगोटे माझ्या तळहातावर आले. मी एक उडवला, चार उचलायला गेलो. दोन हाती लागले, उडालेला कपाळावर आपटला नि घरंगळत जिन्यामागे गेला. तिघी आधी एकमेकींकडे पाहत राहिल्या, मग खुदकन हसल्या. तिसरीतली मात्र गंभीर होती. ती जिन्यामागे जाऊन सागरगोटा घेऊन आली, माझ्या हातावर ठेवला नि मोठ्या मुलींना म्हणाली,

"सर लिंबूटिंबू."